२४० की १४०? मॉर्फीनवरून फेंटॅनिलवर नेताना

ओपिऑइड (मॉर्फीनच्या जातीचं जोरकस वेदनाशामक) बदलताना सगळ्यांचं लक्ष गुणोत्तराकडे असतं: किती मॉर्फीन म्हणजे किती फेंटॅनिल. गुणोत्तर तक्त्यात मिळतं, गुणाकार-भागाकार फोनवर होतो. त्या गणितात पहिला आकडा कोणता घालायचा, हे मात्र तक्ता सांगत नाही. या प्रकरणात सगळा घोळ त्याच आकड्यात होता. (प्रकरण शिकवण्यासाठी रचलेलं आहे. गुणोत्तरं आणि मात्रा प्रत्यक्ष वापरातल्याच आहेत. पण कोणाच्या रुग्णाला त्या जशाच्या तशा लावायच्या नाहीत.)

रुग्ण ५८ वर्षांच्या बाई, वजन ४४ किलो. गर्भाशयमुखाचा कर्करोग, ओटीपोटात पसरलेला. दीर्घकाळ सुटणाऱ्या मॉर्फीनची ६० मिलिग्रॅमची गोळी सकाळी ८ आणि रात्री ८, म्हणजे दिवसाला १२०. मध्येच कळ उठली तर साध्या मॉर्फीनची २० मिलिग्रॅमची जादा गोळी, म्हणजे दिवसभराच्या मात्रेचा सहावा भाग. पायात उतरणाऱ्या जळजळीसाठी प्रीगॅबालिन ७५ दोन वेळा. शिवाय आठवड्याभरापूर्वी कंबर फारच धरली म्हणून कोणीतरी डायक्लोफिनॅक हे वेगळ्या जातीचं वेदनाशामक सुरू केलं होतं. कित्येक आठवडे दिवसाला एखादीच जादा गोळी लागायची.

दाखल केलं तेव्हा बाई गुंगीत होत्या. हाक मारली की डोळे उघडायच्या, एखादा शब्द बोलायच्या आणि पुन्हा मिटायच्या. श्वास मिनिटाला १०. हात-पाय मधूनच दचकल्यासारखे उडत होते. भिंतीवर कोणीतरी चालतंय असं दोनदा म्हणाल्या. अंगाला नुसता हात लावला तरी कण्हत होत्या, आणि दुखणं नेमकं कुठे असं विचारलं तर "सगळीकडे". क्रिएटिनिन (मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारा घटक) महिन्यापूर्वी ०.९ होतं, आता २.६. सोनोग्राफीत दोन्ही बाजूंच्या मूत्रवाहिन्या गाठीच्या दाबाने फुगलेल्या दिसल्या. सोडियम, कॅल्शियम ठीक, संसर्गाची खूण नाही, जीभ मात्र कोरडी ठणठणीत.

वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची गाळणी काढली तर मिनिटाला १६ मिलिलिटरच्या आसपास येते. हा आकडाही भाबडा आहे. क्रिएटिनिन अजून चढतंय तोवर हे सूत्र मूत्रपिंडाला जरा जास्तच गुण देतं. खरी गाळणी त्याहून कमी असणार.

चित्र ओळखीचं आहे. यकृतात मॉर्फीनचे दोन मुख्य अवशेष तयार होतात आणि दोन्ही लघवीवाटे बाहेर पडतात. त्यातलं मॉर्फीन-६-ग्लुकुरोनाइड स्वतःच जोरकस वेदनाशामक आहे; ते साठलं की गुंगी वाढते, श्वास मंदावतो. दुसरं, मॉर्फीन-३-ग्लुकुरोनाइड, वेदना कमी करत नाही, पण अंग उडणं, भास होणं आणि स्पर्शसुद्धा दुखणं यांचा संशय बराचसा त्याच्यावर जातो. त्यात डायक्लोफिनॅकने मूत्रपिंडाचं रक्त कमी केलं. आणि प्रीगॅबालिनही मूत्रपिंडातूनच जातं. तेही साठून गुंगी आणि झटके देतं. सगळा दोष मॉर्फीनच्या माथी मारून प्रीगॅबालिन तसंच चालू ठेवलेल्या केसेस कमी नाहीत.

मॉर्फीन बदलायचं, हे ठरायला वेळ लागला नाही. फेंटॅनिल निवडलं, कारण ते यकृतात निष्क्रिय होतं आणि मूत्रपिंडावर फारसं अवलंबून नसतं. कोडीन, ट्रामाडॉल यांचा इथे प्रश्नच नव्हता. हायड्रोमॉर्फोन चाललं असतं, पण त्याचाही अवशेष साठतो. ब्युप्रेनॉर्फिन मूत्रपिंडाला चालतं, पण वेदना इतकी अस्थिर असताना त्याचा संथ पॅच (त्वचेवर चिकटवायची औषधाची पट्टी) सोयीचा नव्हता. मेथाडोन मूत्रपिंडाला सोसतं. मात्र त्याचं गुणोत्तर एकच नसतं. मॉर्फीनची मात्रा जितकी मोठी तितकं मेथाडोन तुलनेने जोरकस ठरतं: लहान मात्रेला ४ ला १ धरतात, ३०० मिलिग्रॅमच्या पुढे १२ ला १. त्याचं अर्धायुष्यही (रक्तातली पातळी निम्म्यावर यायला लागणारा वेळ) माणसागणिक ८ तासांपासून ५० तासांच्या वरपर्यंत जातं. चौथ्या-पाचव्या दिवशी, सगळं स्थिरस्थावर वाटत असताना रुग्ण गुंगीत जातो. रोज मेथाडोन हाताळणारी व्यक्ती शेजारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नये.

वहीतले सहा डोस

निवासी डॉक्टरने कागदावर हिशेब मांडला. कालच्या २४ तासांत १२० नियमित, आणि वहीत सहा जादा गोळ्या, म्हणजे आणखी १२०. एकूण २४०. तोंडाने घेतलेलं मॉर्फीन आणि फेंटॅनिल यांचं गुणोत्तर १०० ला १ धरलं तर २.४ मिलिग्रॅम फेंटॅनिल दिवसाला, म्हणजे ताशी १०० मायक्रोग्रॅम. गणितात कुठेही चूक नव्हती. ताशी १०० चा पॅच बाजारात मिळतोही, आणि आकडा नेमका पॅचच्या मापात बसला की माणसाला उगाच खात्री वाटते.

वही मुलीने लिहिलेली होती. डावीकडे वेळ, मध्ये गोळी, उजवीकडे "का दिली" असा रकाना. आधीच्या आठवड्यांत त्या रकान्यात "कंबर", "पाय" असं लिहिलेलं. कालच्या सहापैकी पहिल्या ओळीपुढे "कंबर", दुसरीपुढे प्रश्नचिन्ह, आणि उरलेल्या चार ओळींपुढे काहीच नाही. नर्सने विचारलं, "ताई, या चार कशासाठी दिल्या?"

"आई सारखी दचकत होती. हात लावला तरी कण्हायची. दुखतंय का विचारलं तर हो म्हणेना, नाही म्हणेना. मग वाटलं, दुखतच असणार."

मुलीचं काहीच चुकलं नव्हतं. तिला तेच सांगितलेलं होतं. पण त्या चार गोळ्या वेदनेवर गेल्या नव्हत्या, मॉर्फीनच्याच विषबाधेवर गेल्या होत्या. झटके आले म्हणून मॉर्फीन, मॉर्फीनमुळे आणखी झटके. २४० हा आकडा या बाईंची गरज सांगत नव्हता, तो त्या चक्राचं माप होता. मूत्रपिंड बिघडण्याआधी ज्या मात्रेवर त्या बोलत होत्या, जेवत होत्या, ती १२० अधिक एक जादा गोळी, म्हणजे १४०. गणितात घालायचा आकडा तो.

त्याआधी आणखी दोन गोष्टी पाहून घेतल्या. गोळ्या पोटात गेल्या होत्या का, की उलटीतून पडल्या? डबीतल्या उरलेल्या गोळ्या मोजल्या, वहीशी जुळल्या. आणि गिळता येईना म्हणून सावकाश सुटणारी गोळी कुस्करून दिली होती का? नव्हती. कुस्करली असती तर बारा तासांचं मॉर्फीन एकदम मोकळं झालं असतं आणि सगळा हिशेब वेगळा मांडावा लागला असता.

अर्ध्यावर का आणलं

१४० वरून थेट रूपांतर केलं तर १.४ मिलिग्रॅम फेंटॅनिल, म्हणजे ताशी ५८ मायक्रोग्रॅम. ते अर्ध्यावर आणलं. एका ओपिऑइडची शरीराला सवय झाली म्हणजे दुसऱ्याची तितकीच झाली असं होत नाही. म्हणून औषध बदलताना काढलेली मात्रा २५ ते ५० टक्क्यांनी कमी करायची रीत आहे. वेदना आटोक्याबाहेर असेल आणि विषबाधा नसेल तर कपात कमी. इथे उलट होतं: रुग्ण गुंगीत, वजन ४४, मूत्रपिंड बंद पडत आलेलं. म्हणून पूर्ण ५० टक्के. ७० मिलिग्रॅम मॉर्फीन, म्हणजे ०.७ मिलिग्रॅम फेंटॅनिल, ताशी २९. त्वचेखाली थोडं थोडं औषध सतत सोडणारा पंप ताशी २५ वर लावायचा ठरलं. पहिल्या कागदावरच्या आकड्याचा हा चौथा भाग.

निवासी डॉक्टरचा प्रश्न रास्त होता: इतकं कमी दिलं आणि वेदना उसळली तर? त्यासाठी पंपावर २५ मायक्रोग्रॅमचा जादा डोस ठेवलाच होता. कमी पडलेलं औषध तासाभरात भरून काढता येतं. जास्त गेलेलं परत घेता येत नाही.

पॅच का नाही, हाही वादाचा मुद्दा झाला. पॅच लावल्यावर औषध आधी त्वचेखालच्या चरबीत साठतं. नीट परिणाम जाणवायला १२ ते २४ तास जातात, आणि काढल्यावरही रक्तातली पातळी निम्म्यावर यायला १७ तास किंवा त्याहून जास्त. ज्या रुग्णाची गरज दर सहा तासांनी बदलणार आहे त्याला असं सुस्त साधन लावणं म्हणजे ब्रेक उशिरा लागणारी गाडी घाटात घालणं. म्हणून आधी त्वचेखालून पंप.

पंप कधी सुरू करायचा, हे ठरवताना घड्याळ पाहावं लागलं. शेवटची मॉर्फीनची गोळी सकाळी ८ ची, आणि हिशेब चालला होता दुपारी २ ला. म्हणजे ती गोळी अजून सहा तास मॉर्फीन सोडणार होती. आणि साठलेले अवशेष तर बंद मूत्रपिंडात दिवसचे दिवस राहतात. त्यामुळे रात्रीची गोळी रद्द, संध्याकाळपर्यंत पंप बंद, गरज पडली तर फक्त जादा डोस, आणि रात्री ८ ला ताशी २५ सुरू. डायक्लोफिनॅक बंद, प्रीगॅबालिन रात्री फक्त २५. शिरेतून सलाइन. झटक्यांसाठी मिडाझोलॅम हे बेंझोडायझेपिन (गुंगी आणणारं औषध) सुचवलं गेलं, ते टाळलं. ओपिऑइडने श्वास मंदावलेला असताना वरून बेंझोडायझेपिन घालायला फारच सबळ कारण हवं, आणि झटके त्रासदायक असले तरी तेवढं कारण नव्हते.

ओपिऑइडचा परिणाम उलटवणारं नॅलोक्सोन दिलं नाही. श्वास १० होता, पण हाकेला ओ मिळत होती. पूर्ण ॲम्प्यूल ढकललं असतं तर सगळी वेदना एका मिनिटात उलटून आली असती. ते तयार मात्र ठेवलं: ०.४ मिलिग्रॅमचं ॲम्प्यूल सलाइनने १० मिलिलिटर करून, श्वास ८ च्या खाली गेला आणि हाकेला उत्तर मिळेना तर १ मिलिलिटर, दोन-तीन मिनिटांनी पुन्हा १. मंदावलेला श्वास सावरेपर्यंतच, शुद्ध खडखडीत येईपर्यंत नव्हे. साठलेले अवशेष नॅलोक्सोनपेक्षा जास्त टिकतात, त्यामुळे एकदा जाग आली म्हणजे धोका टळला असं नाही, हेही नर्सच्या कागदावर लिहून दिलं.

रात्री दर तासाला दोन नोंदी: श्वास पूर्ण एक मिनिट मोजून, आणि हाकेला मिळालेलं उत्तर. बोटावरच्या ऑक्सिमीटरवर विसंबायचं नाही असं बजावलं होतं. विशेषतः ऑक्सिजन लावलेला असेल तर तो ९७ दाखवत राहतो आणि आत कार्बन डायऑक्साइड चढत जातो. श्वास घटण्याआधी बहुतेकदा गुंगी वाढते. म्हणून दोन्हींतली दुसरी नोंद जास्त मोलाची.

पुढचे दिवस

सकाळी श्वास १४. झटके होते, पण विरळ. वेदना दहापैकी ५. निवासी डॉक्टरने हा आकडा दोनदा विचारून घेतला, कारण आदल्या दिवशी चौपट हिशेबाचं मॉर्फीन पोटात असताना त्या सगळीकडे दुखतंय म्हणत होत्या. ओपिऑइडमुळेच वेदना वाढू शकते हे पुस्तकात वाचलेलं असतं. औषध कमी करून वेदना कमी झालेली पाहिली की ते पटतं.

दुसऱ्या दिवशी मूत्रवाहिनीत नळी घालून लघवीची वाट मोकळी केली. अवशेष निघून जाऊ लागले तशी त्यांची आयती वेदनाशामक मदतही ओसरली आणि जादा डोस वाढले: २४ तासांत आठ. आता या आठांची कारणं नर्सने रकान्यात लिहिली होती. सगळी कंबर आणि पाय. आठ गुणिले २५ म्हणजे २००, भागिले २४ म्हणजे ताशी साधारण ८. पंप २५ वरून ३५ वर नेला. या वाढीचं धाडस करता आलं ते रकान्यामुळेच. पहिल्या दिवशीच्या सहांना हात जोडले आणि तिसऱ्या दिवशीच्या आठांना मानलं, यात विसंगती काही नाही.

चौथ्या दिवशी क्रिएटिनिन १.३, वेदना ३, जादा डोस दिवसाला एक. बाई मुलीला चहा मागत होत्या. आता पॅच. पंपातून पॅचवर जाताना मात्रा एकास एक धरतात, म्हणून ताशी ३५ च्या जागी २५ आणि १२ असे दोन पॅच, मिळून ३७. सकाळी १० ला लावले. दुपारी ४ ला पंप निम्म्यावर, रात्री १० ला बंद. पॅच लावताच पंप काढला तर बारा तास रुग्ण उघडा पडतो. दोन्ही पूर्ण चालू ठेवले तर मध्यरात्री दुप्पट मात्रा होते.

लिहिण्याच्या पद्धतीवर इथे थोडं अडून बसलो. पॅचवरचा आकडा ताशी असतो, पंपाचा कधी ताशी तर कधी दिवसाचा. गोळ्या मिलिग्रॅममध्ये, फेंटॅनिल मायक्रोग्रॅममध्ये. घाईत लिहिलेला मायक्रोचा मिली झाला तर हजारपट फरक पडतो. म्हणून कार्डावर "फेंटॅनिल पॅच, ताशी ३७ मायक्रोग्रॅम, दर ७२ तासांनी बदलणे" असं पूर्ण अक्षरांत, आणि पुढच्या बदलाचा वार आणि वेळ.

घरासाठी जादा औषध म्हणून साधं मॉर्फीनच दिलं, पण ५ मिलिग्रॅम. ताशी ३७ म्हणजे दिवसाला सुमारे ९० मिलिग्रॅम मॉर्फीनइतकं. सहावा भाग १५ येतो. मूत्रपिंड अजून पूर्ण सुधारलेलं नव्हतं, गाळणी तिशीतच होती, म्हणून ५, आणि दोन डोसांत किमान ६ तास. मुलीला सांगितलं: जुना पॅच काढून मगच नवा, काढलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं, तेव्हा चिकट बाजू आत दुमडून, लहान मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकायचा. पॅच कापायचा नाही. त्यावर गरम पाण्याची पिशवी नाही, आणि ताप आला तर लगेच कळवायचं, कारण उष्णतेने औषध जास्त शोषलं जातं. आणि दचकणं, भास, उठवूनही न उठणं दिसलं तर जादा गोळी द्यायची नाही, फोन करायचा. "म्हणजे तेव्हा जे केलं त्याच्या उलट," मुलगी म्हणाली.

दुसऱ्या आठवड्यात तोंडात पांढरे चट्टे आले. बाहेरून फ्लुकोनॅझोल हे बुरशीवरचं औषध लिहून मिळालं. औषधं देताना फार्मासिस्टने पॅचची नोंद पाहिली आणि आम्हाला फोन केला. फेंटॅनिल यकृतातल्या ज्या एन्झाइमने मोडतं, सायटोक्रोम ३ए४, ते फ्लुकोनॅझोल अडवतं; क्लॅरिथ्रोमायसिन, इट्राकोनॅझोल, रिटोनॅव्हिरही तेच करतात. मात्रा तीच राहते, रक्तातलं फेंटॅनिल वाढतं. फ्लुकोनॅझोलऐवजी निस्टॅटिन तोंडात धरायला दिलं. ते आतड्यातून जवळजवळ शोषलंच जात नाही. उलट रिफाम्पिसिन किंवा फेनिटोइन सुरू झालं असतं तर फेंटॅनिल भराभर मोडून वेदना उसळली असती, आणि ती औषधं थांबवल्यावर पुन्हा धोका.

शेवटचा प्रश्न घाम फार यायला लागला तेव्हाचा. पॅच निसटू लागले, आणि पुन्हा मॉर्फीनच्या गोळ्यांवर नेता येईल का असं विचारणं झालं. कोणीतरी कंपनीचा तक्ता उलटा वाचला. त्या तक्त्यात दिवसाला ६० ते १३४ मिलिग्रॅम मॉर्फीनसाठी ताशी २५ चा पॅच दिलेला आहे. मॉर्फीनकडून पॅचकडे जाताना सुरक्षित राहावं म्हणून पॅच मुद्दाम कमी ठेवलेला. तोच उलटा वाचला तर ताशी २५ च्या रुग्णाला १३४ मिलिग्रॅम मॉर्फीन देऊन मोकळे व्हाल. १०० ला १ ने मोजलं तर ते येतं ६०. तक्ता एकाच दिशेचा आहे आणि त्यावर तसं लिहिलेलंही असतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेने दिलेल्या मॉर्फीन-तुल्य गुणकांचंही तसंच: ते एकूण जोखीम मापायला आहेत, औषध बदलायला नव्हेत. ट्रामाडॉलचा त्यांचा गुणक २०१६ मध्ये ०.१ होता, २०२२ मध्ये ०.२ झाला. रुग्ण तोच, गोळी तीच.

हिशेब तरीही कागदावर मांडला: ताशी ३७, म्हणजे ९० मिलिग्रॅम, एक तृतीयांश कपात करून ६०, चार-चार तासांनी १० मिलिग्रॅम, आणि पॅच काढल्यावर पहिले १२ तास नियमित डोस नाही, कारण त्वचेखालचा साठा चालूच असतो. गाळणी तिशीत असताना रोजचं मॉर्फीन पुन्हा सुरू करणं कोणालाच नको होतं. मग पॅचची जागा बदलली: छातीऐवजी पाठीच्या वरच्या भागात, केस आणि घाम कमी तिथे, त्वचा नुसत्या पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, तळहाताने अर्धा मिनिट दाबून, वरून पारदर्शक फिल्म. पॅच टिकले. मात्रा ३७ वरच ठेवली आणि क्रिएटिनिन आठवड्याने पुन्हा पाहायचं ठरलं.